सासूबाईंचे एकशे त्र्याऐंशी दिवस

१४ एप्रिल २००७, शनिवार. दुपारी ३

२००६ चा टॅक्स भरून टाकला. स्वतः. वेळ: अडीच तास, त्यात अर्धा तास प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यात. खर्च: शाई.

पलीकडच्या क्यूबिकलमधला ऋषी हे काम करून घेण्यासाठी एडिसनच्या कुणा कांचन बाळ नावाच्या सीपीए बाईंना दरवर्षी तीनशे डॉलर देतो. इंजिनियर माणूस. दोन मास्टर्स डिग्र्या. आणि चौकटीत आकडे भरायला माणूस लावतो. मला अशा लोकांची शिसारी येते. मी दिवसभर एका अख्ख्या बँकेचा डेटाबेस सांभाळतो, मला फॉर्म भरता येणार नाही?

संकल्प: आयुष्यात सीपीएला एक सेंट द्यायचा नाही.

सासूबाईंचा आज त्र्याण्णवावा दिवस. १२ जानेवारीला नागपूरहून आल्या. वापरलेल्या झिपलॉक पिशव्या धुऊन किचनच्या नळावर उलट्या टांगतात. पाणी घ्यायला गेलो की ओली, कालच्या भाजीच्या वासाची पिशवी मनगटाला लागते. बाथरूमच्या पांढऱ्या सिंकमध्ये लाल दंतमंजनाचे शिंतोडे. सकाळी सकाळी बघवत नाही. हिमानीला सांगितलं, तर ती म्हणाली, तुझ्या दाढीचे केस मी सात वर्षं बघतेय.

त्यांच्या इथल्या मुक्कामाची मुदत ११ जुलैपर्यंत. अजून अठ्ठ्याऐंशी दिवस. एक्सेलमध्ये शीट केली आहे. नाव: 'आई दिवस'.

१८ एप्रिल, बुधवार. ऑफिस, ११.३०

मोठा शोध!

फोरमवर 'देसीगुरू७२' ने लिहिलंय. परदेशातलं माणूस एका वर्षात १८३ दिवस इथे राहिलं, की टॅक्सपुरतं ते इथलं रहिवासी. आणि असं रहिवासी माणूस आपण पोसत असलो, तर ते आपलं अवलंबित म्हणून दाखवता येतं. सासूसुद्धा चालते! टॅक्स साडेआठशे डॉलरने कमी.

पुढे त्याने बरंच काय काय लिहिलं होतं, 'मात्र' वगैरे. मीटिंग होती म्हणून वाचलं नाही.

ऋषीच्या सीपीएने त्याला हे सांगितलं का? त्याचे आईवडील गेल्या वर्षी सहा महिने येऊन गेले. नाही सांगितलं. हे तीनशे डॉलरचं ज्ञान.

१८ एप्रिल. दुपारी ४

शीट उघडून मोजलं. १२ जानेवारी ते ११ जुलै. एकशे एक्याऐंशी.

दोन दिवस कमी. फक्त दोन! माझ्या नशिबात कुठलीच गोष्ट पूर्ण कशी नसते, याची आता किळस यायला लागली आहे. सासूबाई दोन दिवस आधी आल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण तेव्हा म्हणे भाचीकडे बारसं होतं.

२२ एप्रिल, रविवार

मंडळाचा गुढीपाडवा. महिनाभर उशिरा, कारण शाळेचा कॅफेटेरिया आज मिळाला. श्रीखंड इतकं पातळ की पुरीवरून ओघळून माझ्या झब्ब्यावर आलं.

तिथे कांचन बाळ. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात. मी एका मित्राचा प्रश्न म्हणून सहज विचारलं, सासू १८३ दिवस राहिली तर अवलंबित होते ना? बाईंनी उत्तर द्यायचं सोडून उलट दोन प्रश्न विचारले. मित्राच्या सासूबाईंचं इंडियात काही उत्पन्न आहे का? आणि यंदा काही विकायचं-बिकायचं आहे का? म्हणाल्या, रहिवासी होणं म्हणजे नुसता फायदा नसतो, मग जगभरातल्या पैशाचा हिशेब इथे द्यावा लागतो. मित्राला म्हणावं आधी येऊन भेट, काही करू नकोस.

आणि कार्ड दिलं. गिऱ्हाईक पटवायची काय ही पद्धत! सणासुदीलाही यांचं दुकान चालू. कार्डाने झब्ब्यावरचं श्रीखंड निपटून काढलं. कार्ड जाड होतं, काम चांगलं झालं.

४ मे, शुक्रवार

सुट्टी टाकून सासूबाईंना न्यूयॉर्कला कॉन्सुलेटमध्ये नेलं. कैलासवासी सासऱ्यांनी चौऱ्याऐंशी साली नागपूरला घेतलेला प्लॉट विकताहेत. एकतीस लाख. त्या इथे असल्याने रेणूमावशींच्या मुलाच्या, म्हणजे विवेकच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं होतं. रेणूमावशी म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहीण. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सासूबाई दोन खोल्या बुक करणार आहेत. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही.

चार तास रांगेत. समोरचा माणूस अंड्याचं सँडविच खात होता. सासूबाईंच्या पर्समध्ये मात्र धपाटे होते, धुतलेल्या झिपलॉकमध्ये. भूक होती म्हणून खाल्ले. पिशवीकडे न बघता.

प्रत्येक कागदाच्या मी तीन झेरॉक्स आणल्या होत्या. खिडकीवरच्या माणसाने दोनच मागितल्या, मी तिसरीही दिली. सरकारी कामात कागद जास्त झाला म्हणून कुणाचं अडत नाही. कमी पडला की अडतं. हे बाबांकडून शिकलो.

महिनाअखेर खरेदीखत होईल. माझ्यामुळे.

२७ मे, रविवार. सकाळी १०

आज बोललो.

भाषण दोन दिवस तयार करत होतो. म्हटलं, आई, जुलैमध्ये जाऊ नका. आम्हाला तुमची सवय झालीय. अनयाला शाळेतून आल्यावर आजी लागते. घर भरल्यासारखं वाटतं. मी मुदतवाढीचा अर्ज भरतो, तिकीट २० जुलैचं करून घेतो, तेवढेच नऊ दिवस जास्त.

गरज दोनच दिवसांची होती. पण मी मार्जिन ठेवणारा माणूस आहे.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, पंधरा जुलैला रेणूताईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सहा महिने ठरलंय. पण जावई तोंडाने राहा म्हणतोय, असं आमच्या घरात आजवर कुणाच्या वाट्याला आलं नाही.

मी म्हटलं, रेणूमावशींना फोन करून सांगा ना, समजून घेतील.

हिमानी माझ्याकडे बघत राहिली. नंतर किचनमध्ये म्हणाली, मला वाटायचं तुला आईचा त्रास होतो. मग माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी.

२७ मे. रात्री ८

सासूबाईंनी पाटवडी रस्सा केला. माझ्यासाठी. चार वाट्या झाल्या. मुदतवाढीची फी, तिकीट बदलायचा दंड, नऊ दिवसांचा मेडिकल इन्शुरन्स हे सगळं साडेआठशेतून वजा केलं तरी थोडे उरतात. तत्त्व महत्त्वाचं.

११ जुलै, बुधवार

१८१. मुदतवाढीच्या अर्जाची पोच आली आहे. फाइल केली. तीन झेरॉक्स.

१३ जुलै, शुक्रवार

१८३!!

येताना केक आणला. अनयाने विचारलं, व्हाय केक, इट्स नोबडीज बर्थडे. मी म्हटलं, आजी आपल्याकडे राहिली म्हणून. सासूबाईंनी केक कापला. तोंडभर हसत होत्या. अंड्याचा होता, तरी खाल्ला. सोमवारपासून मंजन बेसमेंटमधल्या सिंकवर करते, यतीनराव, तुम्हाला आवडत नाही ते, असं हळूच म्हणाल्या. मला आवडत नाही हे त्यांना कसं कळलं?

शीटमध्ये आजची चौकट पिवळी केली. बाजूला लिहिलं: टीव्ही, ४६ इंच.

१५ जुलै, रविवार

नागपूरला सहस्रचंद्रदर्शन. सासूबाई पहाटे उठून फोन कार्डावरचा नंबर फिरवत बसल्या होत्या. विवेक बोलला. पाठीमागे सनई. रेणूमावशी फोनवर आल्या नाहीत. लोक आहेत, आत्ता नाही बोलता येणार, असा निरोप.

त्यानंतर दोनदा लावला. कार्ड संपलं. मी नवीन आणून देतो म्हटलं. नको म्हणाल्या.

म्हातारी माणसं किती चटकन रुसतात. रेणूमावशींचा मला राग आला. चंद्र काय, पुढेही दिसणारच.

२० जुलै, शुक्रवार

१९०. नेवार्कला सोडून आलो. सासूबाईंनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेलकट.

सिंक पांढरं. नळ मोकळा. मोकळं मोकळं वाटतंय.

२ फेब्रुवारी २००८, शनिवार

२००७ चा टॅक्स. सासूबाईंना टॅक्स नंबर नाही, म्हणून वेगळा फॉर्म जोडून सगळं कागदावर पाठवावं लागतं. जमलं. फॉर्मबरोबर पासपोर्टची प्रत, मुदतवाढीची पोच आणि 'आई दिवस' शीटची रंगीत प्रिंट, पिवळ्या चौकटीसकट.

एका सूचनेत लिहिलं होतं की अवलंबित माणसाचं वर्षाचं उत्पन्न चौतीसशे डॉलरपेक्षा कमी हवं. सासूबाईंचं पेन्शन महिना नऊ हजार रुपये. भागाकार केला: वर्षाचे सव्वीसशेच्या आसपास. बसतं! प्लॉटचे पैसे उत्पन्नात धरायचे का, असा एक क्षण विचार आला. पण प्लॉट म्हणजे उत्पन्न कसं? जागा आपली, पैसे आपले. नुसतं एका खिशातून दुसऱ्या खिशात. शिवाय तो नागपूरला आहे.

ऋषीने आजच बाईंची अपॉइंटमेंट घेतली. मार्चमधली. मला हसू आवरेना.

२६ एप्रिल, शनिवार

रिफंड आला. पूर्ण.

टीव्ही आणला. भिंतीवर लावताना दोन भोकं चुकली, ती टीव्हीमागे झाकली गेली. ऋषीला संध्याकाळी बोलावलं. सगळा हिशेब त्याला समजावून सांगितला, शीट दाखवली. तो म्हणाला, कांचनताईंना एकदा विचारून घे यार. मत्सर माणसाला किती खाली आणतो. चहा अर्धा टाकून गेला.

हिमानी विचारत होती, कसला हिशेब? म्हटलं, ऑफिसचा.

आईंचा रविवारी फोन असतो. रेणूमावशी अजून बोलत नाहीत म्हणे. आई सध्या त्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात, दार समोरासमोर. विकत घेतलेल्या खोल्यांचा ताबा दिवाळीत. आई म्हणाल्या, त्यातली एक खोली तुम्ही तिघं आलात की तुमची.

१९ जून, गुरुवार

टॅक्स खात्याचं पत्र आलं. उभ्याउभ्याच फोडलं, पण वाचल्यावर काही नाही. साधी चौकशी. सासूबाईंना तुम्ही पोसत होतात याचा पुरावा द्या, आणि त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाचा.

द्या म्हणजे द्या. आम्ही घाबरतो काय.

२१ जून, शनिवार

उत्तर तयार. पत्राचा शेवट: काइंडली डू द नीडफुल.

जोडलेली कागदपत्रं: किराणा दुकानाच्या एकशे बारा पावत्या. गुडघ्याचा पट्टा, पावती. अनयाने काढलेलं आजीचं चित्र, झेरॉक्स. आणि उत्पन्नासाठी आईंच्या बँकेचं अख्खं पासबुक. विवेकने स्कॅन करून पाठवलं होतं, मुखत्यारपत्राच्या वेळी बँकेची कामं तोच बघत होता. पेन्शनच्या नोंदी दोनच पानांवर आहेत, पण दोन पानं पाठवली तर बाकीची लपवली असं वाटेल. अख्खी अकरा पानं पाठवली. मॅनेजरच्या शिक्क्यासकट.

तीन प्रती. त्यांनी एकच मागितली होती.

वजन सव्वा पाऊंड. पोस्टातली बाई म्हणाली, वॉव.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन पाकिटं. एक माझ्या नावाचं, दुसरं आईंच्या नावाचं, आमच्या पत्त्यावर.

मी ऑफिसच्या कामात होतो. हिमानीने आईचं नाव बघून दुसरं फोडलं.

पासबुकच्या सातव्या पानावर एकतीस लाखांची नोंद आहे. तुम्ही कळवल्यानुसार सदर व्यक्ती २००७ मध्ये येथील रहिवासी होती, असं त्यात म्हटलंय. तर मग या रकमेचा टॅक्स कुठे आहे? व्याज कुठे आहे? विवरणपत्र का भरलं नाही? बरोबर माझ्याच शीटची प्रत. पिवळी चौकट झेरॉक्समध्ये राखाडी आली आहे.

आकडा लिहवत नाही. प्लॉटच्या किमतीतून सासऱ्यांची खरेदी वजा करून जो फायदा, त्यावर. आईंच्या दोन खोल्यांचा शेवटचा हप्ता त्यातूनच जायचा होता.

माझ्या पाकिटात: अवलंबित नामंजूर, साडेआठशे परत, वर दंड.

हिमानीने शीट वाचली. वरपासून खालपर्यंत. १३ जुलैपाशी थांबली. टीव्ही, ४६ इंच. मग विचारलं, केक याच्यासाठी होता?

मी म्हटलं, दोन्हीसाठी होता. मला खरंच तसं वाटत होतं. निदान वाटायला लागलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

हिमानीने आईंना फोनवर सांगितलं. सगळं. मी बेसमेंटमध्ये होतो. तिथल्या सिंकला लाल डाग आहे अजून, कडेला. घासला. गेला नाही. मग घासणं थांबवलं.

देसीगुरू७२ चं पोस्ट पुन्हा शोधून पूर्ण वाचलं. 'मात्र' नंतर त्याने सगळं लिहिलं होतं. जगभरातलं उत्पन्न. जमीन विकणार असाल तर हे चुकूनही करू नका. शेवटची ओळ: चांगला सीपीए गाठा.

स्वतःचीच इतकी घाण वाटली की जेवलो नाही. हिमानीने विचारलंही नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. एडिसन

कांचनताईंचं ऑफिस. वाण्याच्या दुकानाच्या वर, जिन्यात हिंगाचा वास. ऋषीनेच अपॉइंटमेंट मिळवून दिली. हिमानी आली नाही.

त्यांनी माझी फाइल वाचली. तास लागला. मधून मधून चष्मा काढून माझ्याकडे बघत होत्या. आजीचं चित्र हातात धरून विचारलं, हे का पाठवलंत? म्हटलं, पुरावा. पासबुकची अकरा पानं मोजली. हे कुणी मागितलं होतं? म्हटलं, कुणी नाही. मग त्यांनी पाडव्याला विचारलेले दोन प्रश्न मला परत विचारले. आवाज न चढवता. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

मार्ग एकच, म्हणाल्या. दोन देशांच्या करारात सोय आहे. आईंच्या बाजूने लिहून द्यायचं की दिवस जास्त भरले असले, तरी त्यांचं कायमचं घर, त्यांची माणसं, त्यांचं सगळं तिकडे. इथे त्यांचं काही नव्हतं. हे पटलं, तर प्लॉटचा टॅक्स इथे लागणार नाही. तुमचे साडेआठशे आणि दंड मात्र गेले, त्याला माझ्याकडे औषध नाही.

हे आधी सांगितलं असतंत तर, असं मी म्हणायला गेलो आणि गप्प बसलो. त्यांनी नवीन कार्ड दिलं. जुनं कुठे गेलं हे त्यांनी विचारलं नाही.

फी: साडेबाराशे. टीव्ही ऋषीला विकला. भिंतीत चार भोकं दिसतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९

एडिसन. आईंना फोन, स्पीकरवर. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मी बसलोय हे कांचनताईंनी सांगितलं होतं तरी. मी नमस्कार करतो म्हटलं. बरं, म्हणाल्या.

कांचनताईंनी एकेक प्रश्न वाचला. नागपूरला स्वतःचं घर आहे का? भाड्याचं आहे, दिवाळीत स्वतःचं होईल, तुम्ही पैसे वाचवलेत तर. जवळचं नातेवाईक? थोरली बहीण, समोरच राहते. येणं-जाणं असतं का? गेल्या वर्षी तिच्या कार्याला गेले नाही म्हणून सध्या ती बोलत नाही, ते लिहू नका, बहीण एवढंच लिहा.

मग पुढचा. त्या वर्षी अमेरिकेत तुमचं घर होतं का?

  आई म्हणाल्या, दोन महिने वाटलं होतं, आहे म्हणून.

कांचनताई पेन धरून थांबल्या. म्हणाल्या, ताई, मला हो किंवा नाही लिहायचंय.

नाही लिहा, असं आई म्हणाल्या.

सह्यांसाठी कागद विवेकच्या पत्त्यावर कुरियरने जायचे होते. मी जादाची झेरॉक्स काढायला उठलो. कांचनताई म्हणाल्या, बसा, एकच पुरे.

जाता जाता त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षाची नोंद आत्ताच करून ठेवते, आईंचं यायचं कधी आहे, किती दिवस धरू?

मी शून्य सांगितलं. त्यांनी शून्य लिहिलं.